सात वाजताचं औषध

ऑफिसात त्यांना सगळे बाटलीबाई म्हणत. कस्टमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या खोलीत त्यांचं टेबल होतं, आणि टेबलामागच्या लोखंडी मांडणीवर बाटल्याच बाटल्या. हिरव्या, चॉकलेटी, बुटक्या, लांब मानेच्या, एक तर चक्क घंटेच्या आकाराची. नवीन माणूस रुजू झाला की पहिल्या दिवशी ती मांडणी बघून डोळे मिचकावायचा. "बाई, तुमची मजा आहे बुवा!" बाई आयुष्यात कधी दारूच्या वाटेला गेल्या नव्हत्या. बूच काढायचं, नाकाशी न्यायचं, लॅबचा अहवाल वाचायचा, लेबल वाचायचं आणि ठरवायचं, की ही आहे कोण, म्हणजे हिच्यावर कर कोणता लागायचा. एवढंच त्यांचं काम. वीसेक वर्षं झाली, कंटाळा म्हणून आला नव्हता.

लोकांना वाटतं, यात ठरवायचं काय? दारू ती दारू, सरबत ते सरबत. पण सरहद्दीवर येऊन थांबलेल्या वस्तूंचं इतकं सरळ नसतं. 'कॉर्डियल' लिहिलेली बाटली एका देशातून आली तर आत पोराबाळांचं लिंबाचं सरबत निघतं, दुसऱ्या देशातून आली तर दोन घोटांत कान गरम करणारी गोड दारू. ब्रँडीत बुडवलेल्या चेरींची बरणी घ्या. ती फळं म्हणायची की पेय? लोक चेरी खाऊन रस मोरीत ओततात, की रस पिऊन चेरी बशीच्या कडेला सारतात? केकात घालायचा अर्क निम्म्याहून जास्त मद्यार्कच असतो, पण कोणी प्यायला गेला तर घसा सोलून निघेल. मग त्याला पेय कसं म्हणावं? साखर किती, मद्यार्क किती, ते लॅब सांगते. एवढं झाल्यावरही पुष्कळदा एक प्रश्न उरतोच. माणसं हिचं करतात काय? हा प्रश्न बाटलीबाईंना मनापासून आवडायचा. त्याचं उत्तर बाटलीत कधीच नसायचं.

घरी मात्र त्या नुसत्या सूनबाई. तिथे तपासणीचं खातं सासूबाईंकडे होतं.

सासूबाईंनी उभा जन्म शहराच्या बसमध्ये तिकिटं तपासण्यात घालवला होता. वाटेत कुठल्याही थांब्यावर त्या चढत, आणि त्या चढल्या की अर्धी बस खिसे चाचपायला लागे. एकदा भर गर्दीत त्यांनी स्वतःच्या नवऱ्याला दंड केला होता. तो बिचारा पास घरी विसरला होता. "घरी आहे हे मला माहीत आहे," त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, "पण बस काही घरी चाललेली नाही." सासरे हयात असेपर्यंत ही गोष्ट स्वतःच हसत हसत सांगत, आणि सासूबाईंना त्यात हसण्यासारखं काय आहे ते शेवटपर्यंत कळलं नाही. शेवटच्या फेरीला झिंगून चढणाऱ्यांना सोसून सोसून त्यांना दारूचा इतका तिटकारा बसला होता, की घरात पाहुण्यांसाठीसुद्धा बाटली येत नसे. मुलाला कोणी तरी बढतीच्या वेळी भेट दिलेली एक बाटली त्यांनी त्याच पिशवीत घालून परत पाठवली होती, वर चिठ्ठी नाही, काही नाही.

आणि त्यांचं ते सात वाजताचं औषध. कधी काळी पोट बिघडलं होतं तेव्हा कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने एक परदेशी टॉनिक दिलं होतं. पोट सुधारलं, टॉनिक राहिलं. उजेडाने औषध उतरतं असं म्हणून त्यांनी बाटलीला लोकरीचं झबलं विणलं होतं, राखाडी रंगाचं, गळ्याशी नाडी असलेलं. सात वाजले की त्या खिडकीजवळच्या खुर्चीत बसत. त्या पंधरा मिनिटांत घरात कोणी त्यांना भाजी काय करायची विचारत नसे, फोन आला तर नंतर करा म्हणून सांगितलं जाई. आजारी माणसाच्या औषधाची वेळ सांभाळावी तशी सगळ्यांनी ती सांभाळली होती.

तर अशातच एका गुरुवारी सूनबाईंच्या टेबलावर एक फाइल आली. आयातदाराचं म्हणणं होतं की माल औषध आहे. वर्षानुवर्षं औषध म्हणूनच येतोय. या खेपेला बंदरावर कोणाच्या तरी मनात शंका आली आणि त्याने नमुना काढून पाठवला. गडद रंगाची चौकोनी बाटली, लेबलावर पानांच्या वेलीत बसलेला एक दाढीवाला, आणि खाली आपल्या भाषेत छापून चिकटवलेली पट्टी: पाचक टॉनिक, जेवणाआधी दोन चमचे. लॅबचा अहवाल सोबत होता, आणि सुनावणीची तारीखही, येत्या मंगळवारची. मद्यार्क जवळजवळ एक तृतीयांश. साखर सरबताला लाजवेल इतकी. वनस्पती पुष्कळ, पण प्रत्येकीचा अंश असा, की औषध म्हणून काम करायचं तर माणसाला बादलीभर प्यावं लागेल.

मद्यार्क, साखर, सुगंध. ही तीन एकत्र आली की त्याला लिक्युअर म्हणतात, गोड सुवासिक दारू. औषध म्हणवून घ्यायचं तर कुठल्या रोगावर, त्यातलं कोणतं द्रव्य, किती मात्रेत, हे दाखवावं लागतं. नुसतं 'प्रकृतीला बरं' एवढ्यावर भागत नाही.

सूनबाईंनी बूच काढलं. संत्र्याची साल. लवंग. करपवलेली साखर. त्यामागे कुठलं तरी कडवट मूळ, ओल्या लाकडासारखं. त्यांनी डोळे मिटून पुन्हा वास घेतला, आणि त्यांच्या डोळ्यांसमोर ना कुठलं झाड आलं ना कुठला देश. आला तो घरातला बोळ. सासूबाईंच्या खोलीचं अर्धवट लोटलेलं दार, आणि हातात वाळलेल्या कपड्यांची चळत घेऊन त्या दारावरून जाणाऱ्या त्या स्वतः.

बूच लावून त्यांनी वासात आलेलं एकेक कागदावर लिहिलं.

त्या संध्याकाळी सातला सूनबाई बोळात उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. आत सासूबाईंनी नाडी सोडून झबलं खाली सरकवलं. दाढीवाला बाहेर आला. चमच्याने त्यांनी दोन चमचे नेमके मोजले, काठोकाठ, एक थेंब इकडेतिकडे नाही, आणि ते एका छोट्या काचेच्या पेल्यात ओतले. मग चमचा बाजूला ठेवून बाटलीच तिरपी केली आणि वर एक धार सोडली. पेला उजेडाकडे धरून पाहिला. मग घोट घेतला, अगदी एवढासा, आणि खुर्चीत मागे टेकल्या. औषध घेताना माणसाचं तोंड वाकडं होतं. सासूबाईंचं दिवसभर वाकडं असलेलं तोंड सरळ होत होतं.

सूनबाई पाय न वाजवता स्वयंपाकघरात परतल्या. काय करावं याचा विचार अजून सुरूही झाला नव्हता, तेवढ्यात जेवताना सासूबाईंनीच तोंड उघडलं.

"मंगळवारी मला तुझ्या ऑफिसात यायचंय."

"माझ्या? कशाला?"

"साक्षीला." सासूबाईंनी पाण्याचा पेला जरा जोरातच ठेवला. "माझ्या टॉनिकवर कोणी तरी बालंट घेतलंय. औषध नाही म्हणतात. औषधवाला म्हणाला, आजी, तुमच्याइतकं नेमानं घेणारं दुसरं गिऱ्हाईक नाही, तुम्हीच या. त्या कंपनीच्या वकिलाचाही फोन आला होता."

सूनबाईंचा नवरा हसायला लागला. "शेवटी हिने तुलाही पकडलं म्हणायचं, आई!"

"तू गप जेव. हिचा काय संबंध? हिच्याकडे दारूच्या बाटल्या असतात."

सूनबाईंनी खाली बघून भात कालवला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात पोचल्या पोचल्या त्या फाइल घेऊन वरच्या मजल्यावर गेल्या. त्यांच्या वरिष्ठ, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, चष्मा पुसत होत्या. सूनबाईंनी सगळं सांगितलं, झबल्यासकट.

मोठ्या बाईंनी फाइल आपल्याकडे ओढली. "निकाल मी देईन. तू खोलीत बस हवं तर, पण तोंडाला कुलूप. आणि घरीसुद्धा."

"ऑफिसात जमेल, मॅडम. घरी कठीण आहे."

"मलाही सासू होती," मोठ्या बाई म्हणाल्या. "जमतं."

मधले दिवस सूनबाईंना जड गेले. सासूबाईंनी ठेवणीतले कपडे काढले, स्वतः इस्त्री केली. रविवारी दुपारी त्या सूनबाईंजवळ येऊन बसल्या, शेंगा सोलायला हात लावल्यासारखं करत.

"तो वकील मला शिकवत होता फोनवर. आजी, जास्त बोलू नका, फक्त म्हणा, बरं वाटतं. बसमध्ये असेच असायचे. शेजारच्याला पढवून ठेवायचे, सांग हं, की मी आत्ताच चढलो." दोन शेंगा झाल्या. "तुला काय वाटतं? औषधच ना ते?"

"मला यावर बोलता येत नाही, आई."

"म्हणजे?"

"म्हणजे खरंच बोलता येत नाही. निकाल लागेपर्यंत."

सासूबाईंनी सुनेकडे रोखून पाहिलं. त्या नजरेपुढे पूर्वी भलेभले पाकीट काढून मोकळे होत. पण मग त्यांनीच नजर काढून घेतली. "मग बोलू नकोस. ड्यूटी ती ड्यूटी." आणि उठता उठता म्हणाल्या, "पण एक ऐकून ठेव. ते जर का दारू ठरलं, तर त्या दिवसापासून ते या घरात नाही. आणि इतकी वर्षं मी रोज संध्याकाळी काय करत होते म्हणून लोकांना सांगायचं, तेवढं मला कोणी तरी शिकवा."

येऊ नका, एवढे दोन शब्द सूनबाईंच्या ओठांवर आले होते. पण साक्षीदाराला तसं सांगणं म्हणजे कुलूप तोडणंच. त्यांनी शेंगा सोलल्या, टरफलांसकट पातेल्यात टाकल्या आणि पुन्हा निवडत बसल्या.

मंगळवारी सुनावणीच्या खोलीत लांब टेबल, भिंतीला शिडी टेकवून ठेवलेली, आणि मधोमध ती बाटली. सासूबाई आत आल्या त्या थेट बाटलीकडे बघून थबकल्या. "अगंबाई, उघडीच ठेवलीय उजेडात!"

सूनबाई कोपऱ्यातल्या खुर्चीत बसल्या. वकील सासूबाईंना खुर्ची देत होते, पाणी देत होते, आजी आजी करत होते. मोठ्या बाईंनी सुरुवात केली.

"हे कशासाठी घेता?"

"पोटासाठी."

"पोट दुखतं?"

"आता नाही दुखत."

"कधीपासून?"

"पहिल्या बाटलीनंतर थांबलं असावं. पुन्हा दुखू नये म्हणून घेत राहिले."

"प्रतिबंधक उपाय!" वकील खूश होऊन म्हणाले. "टिपून घ्यावं."

"घेतलंय," मोठ्या बाई म्हणाल्या. "किती घेता, आजी?"

"दोन चमचे." सासूबाई थांबल्या. खोटं नव्हतं ते, पण पूर्णही नव्हतं, आणि अर्धं तिकीट त्यांनी कधी कोणाचं चालवून घेतलं नव्हतं. "दोन चमचे मोजते. मग वर थोडं."

"थोडं म्हणजे?"

"हात थांबेल तिथपर्यंत."

"चमच्याने तोंडात घालता?"

"छे! पेल्यात ओतून घेते."

"एका घोटात?"

"एका घोटात कशाला? संपून जाईल ना लगेच."

टायपिंग करणाऱ्याने मान खाली घातली. वकिलांनी खुर्ची पुढे ओढली. "आजी, चव कशी आहे ते सांगा ना. कडू आहे, हो ना? औषधासारखी?"

"कडू आहे," सासूबाईंनी मान्य केलं. "पण काय सुरेख कडू! आधी गोड लागतं, मग कडू येतं, मग ते जातं आणि तोंडात संत्रं राहतं."

कोपऱ्यातल्या खुर्चीत सूनबाईंनी श्वास रोखला. वास घेऊन त्यांनी जे कागदावर लिहिलं होतं, ते क्रम लावून, नेमकं, सासूबाई सांगत होत्या. मूळ कोणतं ते तेवढं राहिलं.

"आजारी असलात, ताप वगैरे आला, तर जास्त घेता का?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"तापात? तापात घेतच नाही. चव लागत नाही तोंडाला. फुकट जातं."

"तुमच्या डॉक्टरांना माहीत आहे?"

"त्यांना कशाला सांगायचं? ते बंद करायला..."

वाक्य तिथेच राहिलं. सासूबाईंनी बाटलीकडे पाहिलं, मग मोठ्या बाईंकडे, मग, खोलीत आल्यापासून पहिल्यांदा, कोपऱ्यात बसलेल्या सुनेकडे. सूनबाईंनी चेहरा दगडासारखा ठेवला, आणि त्यातूनच सासूबाईंना सगळं कळलं. मानेपासून वर त्या लाल होत गेल्या.

वकील धावले. "आजी दमल्या आहेत. वय झालंय. त्यांना म्हणायचंय असं की..."

"मला काय म्हणायचंय ते मी म्हटलंय," सासूबाई म्हणाल्या. "तुम्ही मध्ये पडू नका." मग टायपिंग करणाऱ्याकडे वळून त्या म्हणाल्या, "सगळं घेतलंत ना लिहून? ते 'फुकट जातं' आलं का? गाळू नका काही." आणि कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचून त्यांनी सही केली.

घरी जाताना बसमध्ये त्या खिडकीशी बसल्या. चार थांबे गेले.

"तुला माहीत होतं."

"हो."

"कधीपासून?"

"गुरुवारपासून. नमुन्याचा वास घेतला तेव्हा."

"इतकी वर्षं एका घरात, भिंतीला भिंत, आणि तुला गुरुवारी कळलं?" सासूबाईंचा आवाज चढला. पुढच्या बाकावरच्या दोघांनी वळून पाहिलं. "म्हणे बाटलीबाई!"

"घरी मी नाक वापरत नाही, आई," सूनबाई खालच्या आवाजात म्हणाल्या.

निकाल लागला तो लागणारच होता तसा. लिक्युअर. औषधवाल्याच्या कपाटातून दाढीवाला गेला आणि मोठ्या रस्त्यावरच्या दारूच्या दुकानात दिसायला लागला. सासूबाईंनी उरलेली बाटली सूनबाईंच्या हातात दिली. "ओतून टाक." सूनबाईंनी मोरीत ओतली तेव्हा संत्र्याचा वास घरभर झाला, आणि सासूबाई आपल्या खोलीचं दार लावून बसल्या.

त्यानंतर संध्याकाळचे सात ही घरात एक अवघड वेळ झाली. सासूबाई घडी केलेले कपडे मोडून पुन्हा घडी करत. रेडिओ लावत, बंद करत. लिंबूपाणी करून पाहिलं. ते एका दमात संपलं आणि सव्वासातला त्या स्वयंपाकघरात येऊन सूनबाईंच्या हातातली सुरी कशी चुकीची धरलीय ते सांगू लागल्या. तोंड सरळ व्हायची वेळच उरली नव्हती. मुलगा एकदा म्हणाला, "आई, मी आणून देतो ना येता येता. कागदात गुंडाळून. कोणाला कळणार आहे?"

"मला कळेल," सासूबाई म्हणाल्या. "खबरदार आणलीस तर."

निकाल मोठ्या बाईंनी दिला होता, आणि तो बरोबरच होता. फाइल सूनबाईंच्याच टेबलावर राहिली असती तरी त्यांनी हेच लिहिलं असतं. पण बोळातून जाताना आता त्यांचं नाक उगीचच उघडं असायचं आणि त्याला काही मिळत नसायचं.

असे बरेच दिवस गेले. मग एका शनिवारी, टळटळीत दुपारी, सासूबाई साक्षीचे ते इस्त्रीचे कपडे घालून बाहेर आल्या.

"येतेस का बरोबर?"

"कुठे?"

"मोठ्या रस्त्यावर."

सूनबाईंनी चपला घातल्या. दुकानापाशी पोचल्यावर त्या म्हणाल्या, "आई, तुम्ही इथे सावलीत थांबा. मी आत जाऊन आणते."

"का? तुला काही नाव नाही आणि मलाच आहे? मी जाते." आणि त्या पायरी चढल्या.

आत थंड होतं. गल्ल्यावरच्या माणसाने म्हातारीला बघून वर्तमानपत्र खाली ठेवलं. सासूबाईंनी बोटाने दाढीवाला दाखवला. माणूस भला होता. त्याने बाटली काढली, फडक्याने पुसली आणि दोन्ही बायकांना सांभाळून घ्यावं अशा सुरात म्हणाला, "पोटासाठी ना, आजी? पूर्वी औषधांच्या दुकानात मिळायची ही. बरेच लोक येतात हो, पोटासाठीच नेतात."

सासूबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. सूनबाईंना वाटलं, आता त्या हो म्हणणार. म्हणाल्या असत्या तरी कोणाचं काय गेलं असतं?

"नाही," सासूबाई म्हणाल्या. "प्यायला."

माणसाने मान हलवली आणि बाटली पिशवीत घातली. पण सासूबाई जागच्या हलल्या नाहीत. दाढीवाल्याच्या शेजारी, त्याच फळीवर, पिवळीधमक, दाट काही तरी भरलेली एक बाटली होती. त्या जवळ गेल्या, वाकल्या.

"ही कशाची गं?"

"अंड्याची," सूनबाई म्हणाल्या. "अंड्याचा पिवळा भाग, साखर आणि ब्रँडी."

"अंड्याची? आणि मग ती नासत नाही?"

"नाही ना. तेच तर सांगते, मद्यार्क एका मर्यादेच्या वर असला की..."

"थांब," सासूबाई म्हणाल्या आणि पर्समध्ये चष्मा शोधू लागल्या.